शुश्रूषेचें ओझें आणि त्याचे वांटेकरी

मराठींत 'दुखणें काढणें' असा एक वाक्प्रचार आहे. सुनेनें सासूचें दुखणें काढलें, बहिणीनें भावाचें काढलें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु त्या दोन शब्दांत केवढा व्याप भरलेला आहे, हें ज्यानें एखाद्या आजाऱ्याच्या उशाशीं पंधरा-वीस रात्री जागून काढल्या असतील त्यासच ठाऊक. पहिल्या आठवड्यांत शरीर थकतें. तें चार घटका झोंप मिळाली कीं पुनः उभें राहतें. दुसऱ्या आठवड्यांत मन थकूं लागतें. आजाऱ्याची हांक ऐकूं आली कीं अंगावर कांटा येतो. औषध नको म्हणून त्यानें तोंड फिरविलें कीं आपल्या तोंडून वांकडा शब्द निघून जातो, आणि मग त्या शब्दाची लाज रात्रभर छळते. हें घरचें झालें. घरीं रुग्ण एक असतो, तो आपल्या रक्ताचा असतो, आणि चार दिवसांनीं पाळी बदलावयास कोणी मावशी, कोणी आत्या येते. जिला हेंच काम तीस परक्या माणसांचें, वर्षाचे बारा महिने, पगार घेऊन करावयाचें असतें, त्या परिचारिकेच्या मनाचें काय होत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतों.

इस्पितळांतील परिचारिका चिडली, तुटक बोलली, किंवा नोकरी सोडून गेली, कीं तिच्या अंगीं सेवाभाव कमी, असा निकाल देऊन मोकळें होण्याची आपली रीत आहे. आमच्या मतें हा निकाल अन्यायाचा तर आहेच, पण इतिहासाशीं विसंगतहि आहे. परिचारिकेच्या मनाचा शीण हा सेवाभावाच्या उणिवेंतून उपजत नाहीं. तिच्या अंगावर पडणारें ओझें आणि तें वाहण्यास वरिष्ठांकडून मिळणारा आधार यांचें प्रमाण बिघडलें म्हणजे तो उपजतो. हें म्हणणें पारखून पाहण्यासाठीं वाचकांस प्रथम क्रिमियाच्या युद्धाकडे नेणें भाग आहे; कारण आधुनिक शुश्रूषेची कीर्ति तेथें जन्मली, आणि तिचा शीणहि तेथेंच प्रथम जगाच्या दृष्टीस पडला.

१८५४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत उतरली. या स्त्रिया एका मुशींतल्या नव्हत्या. कांहीं रोमन कॅथॉलिक जोगिणी, कांहीं इंग्रजी पंथाच्या भगिनी, आणि बाकीच्या पोटासाठीं नोकरी करणाऱ्या साध्या नर्सा. लष्करी डॉक्टरांस त्या नकोच होत्या. नाइटिंगेलबाईंनीं आपल्या स्त्रियांस सक्त ताकीद दिली कीं, डॉक्टर बोलावतील तोंपर्यंत कोणीं वॉर्डांत पाऊल टाकावयाचें नाहीं. समोर जखमी विव्हळत आहेत आणि आपण हात बांधून बसलों आहोंत, ही स्थिति त्यांस किती जड गेली असेल! परंतु इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचा असा लोंढा आला कीं डॉक्टरांचा अभिमान त्यांत वाहून गेला, आणि न बोलावलेल्या पाहुण्या एका दिवसांत घरच्या झाल्या. याच दिवसांतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका नर्सेनें बाईंकडे तक्रार केली कीं, डोक्यावरची ही टोपी मला शोभत नाहीं, आधीं ठाऊक असतें तर मी आलेंच नसतें. वाचकांस हंसूं येईल. परंतु थकलेलें मन मोठ्या दुःखावर फुटत नाहीं, तें असल्या टोपीवरच फुटतें, हा घरोघरचा अनुभव आहे.

त्या हिवाळ्यांत स्कुटारीस जें घडलें तें मात्र हंसण्यासारखें नव्हतें. या स्त्रियांनीं मलमपट्ट्या केल्या, कपडे धुवविले, पथ्याचें अन्न शिजवून भरविलें. तरीहि माणसें मरतच राहिलीं. १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूचें प्रमाण, त्या वेळच्या हिशेबाप्रमाणें, शेंकडा ४२ वर गेलें. कारण इस्पितळाची इमारतच मैल्यानें तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्च महिन्यांत विलायतेहून आरोग्य-मंडळ आलें, त्यानें गटारें उपसलीं, पाणी व हवा शुद्ध केली, आणि जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. या आंकड्यांचा अर्थ नाइटिंगेलबाईंस युद्धानंतर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्यानें कागदपत्र तपासतांना, पुरता कळला. आम्ही त्यांतून आणखी एक अर्थ काढतों. कष्टानें माणूस थकतो खरा, पण निष्फळ कष्टानें तो जितका खचतो तितका दुसऱ्या कशानेंहि खचत नाहीं. ज्या परिचारिकेनें रात्रभर झटून वांचविलेला शिपाई सकाळीं गटाराच्या विषानें मरतो, तिच्या मनाचा झरा आटला तर दोष तिचा नव्हे. गटार उपसणें तिच्या हातीं नव्हतें. तें ज्यांच्या हातीं होतें त्यांनीं तें वेळीं उपसलें नाहीं.

१८५९ सालीं बाईंनीं शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हवा, उजेड आणि अन्न यांच्या जोडीस व्यवस्थेला बसविणें हीच मुळीं त्या काळीं नवी गोष्ट होती. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : आपण हजर असतांना जें करतों तें आपल्या गैरहजेरींतहि बिनचूक व्हावें, अशी तजवीज ज्याला साधत नाहीं, त्याची उत्तम शुश्रूषाहि फुकट जाते. प्रमुख होणें म्हणजे सगळें स्वतः करणें नव्हे, आणि 'तें माझ्याकडे नव्हतें' असें दुसऱ्यास म्हणावयास लावणेंहि नव्हे. प्रत्येकाचें काम प्रत्येकाकडून होईल असें पाहणें म्हणजे प्रमुखपण. पुढारीपणाची याहून नेटकी व्याख्या आम्हांस आढळली नाहीं. परंतु बाईंच्या चरित्राकडे पाहिलें तर ही व्याख्या त्यांनीं स्वतःला व स्वकीयांना लावलेली दिसत नाहीं. १८५५ च्या मे महिन्यांत बालाक्लाव्हा येथें ज्वरानें त्या मरतां मरतां वांचल्या. परत आल्यावर पुढील अनेक वर्षें अंथरुणावरून काम करीत राहिल्या. आणि सिडनी हर्बर्ट या आपल्या मंत्रीमित्रास, तो मूत्रपिंडाच्या विकारानें खंगत असतांहि, लष्करी सुधारणेच्या गाड्यास जुंपून ठेविलें. १८६१ त तो मरण पावला. जी व्यक्ति स्वतःवर दया करीत नाहीं ती दुसऱ्यांवर करण्यास विसरते, हा थोर पुढाऱ्यांचा एक नेहमींचा दोष आहे.

या दोषाचें खरें मोल पुढें एका तरुण स्त्रीस द्यावें लागलें. तिचें नांव ॲग्नेस जोन्स. १८३२ सालीं जन्मलेली ही मुलगी लष्करी अधिकाऱ्याच्या खाऊनपिऊन सुखी घरांतली; जर्मनींत काइझर्सव्हर्थ येथें आणि नंतर लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत, १८६० सालीं निघालेल्या नाइटिंगेल-शाळेंत, ती शुश्रूषा शिकली. याच सुमारास लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन हा आपल्या शहरांतील वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार दरिद्र्यांना कोंडून पोसण्याच्या सरकारी घराच्या, इस्पितळांत सुधारणा करूं पहात होता. तेथें बाराशेंहून अधिक रुग्ण, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कोण? तर त्याच घरांत पोसल्या जाणाऱ्या दरिद्री बायका. कित्येकींस वाचतां येत नसे आणि बहुतेकींस दारूचें व्यसन. औषधाची बाटली कोणाची आणि ब्रँडीची कोणाची, हा विवेक तेथें कोण करणार? रॅथबोननें प्रयोगाचा खर्च स्वतः सोसला, आणि १८६५ च्या वसंतांत जोन्सबाई सेंट टॉमसमधील बारा शिकलेल्या परिचारिका घेऊन पुरुष-रुग्णांच्या वॉर्डांत कामास लागली.

पुढील तीन वर्षांत तिनें जें करून दाखविलें त्याची कीर्ति सर्व इंग्लंडांत झाली. अस्वच्छ वॉर्ड स्वच्छ झाले, शिवीगाळ थांबली, पथ्यपाणी वेळेवर होऊं लागलें. दरिद्री बायकांना थोडा पगार देऊन परिचारिका करण्याचा प्रयत्न मात्र दारूमुळें फसला. परंतु या यशाच्या पोटांत काय होतें तें पाहावें. एकीकडे बाराशेंवर रुग्ण. दुसरीकडे उमेदवार मुली धरून पन्नासाच्या आसपास परिचारिका, आणि त्याहि दिवस व रात्र मिळून. तिसरीकडे वर्कहाऊसचा गव्हर्नर. त्याची सत्ता कोठें संपते आणि बाईची कोठें सुरू होते, हें कोणींच स्पष्ट ठरवून दिलेलें नव्हतें. त्यामुळें वाद होत, आणि ते मिटविण्यास लंडनहून नाइटिंगेलबाईंचीं पत्रें येत. दिवसभर वॉर्ड, संध्याकाळीं परिचारिकांचा धर्मपाठ, मध्यें अधिकाऱ्यांची कुरबूर, आणि जबाबदारी सगळी एकटीच्या शिरावर. १८६८ च्या हिवाळ्यांत शहरांत टायफस ज्वराची साथ होती. शिणानें पोखरलेल्या शरीरास तो जडला, आणि १९ फेब्रुवारी रोजीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं, तिचा अंत झाला.

तिच्या मृत्यूनंतर नाइटिंगेलबाईंनीं एका मासिकांत तिच्यावर लेख लिहिला. स्पेन्सर कवीच्या काव्यांत सिंहाबरोबर निर्भयपणें चालणारी उना नांवाची एक कुमारी आहे, तिची उपमा त्यांनीं जोन्सबाईस दिली, आणि तिची रिकामी जागा भरण्यास देशांतील तरुणींनीं पुढें यावें असें आवाहन केलें. टेनेरानी या इटालियन शिल्पकारानें घडविलेला संगमरवरी पुतळा तिच्या स्मरणार्थ उभारण्यांत आला. आवाहन योग्य होतें, पुतळाहि योग्य होता. परंतु त्या क्षणीं शुश्रूषेच्या इतिहासाला एक वळण लागलें, आणि तें आम्हांस घातक वाटतें. जोन्सबाईच्या मरणापासून दोन धडे घेतां आले असते. पहिला, कीं अशी स्त्री धन्य होय. दुसरा, कीं अशी व्यवस्था निंद्य होय. जगानें पहिला पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. तेव्हांपासून परिचारिकेची स्तुति वाढत गेली आणि तिच्या हाताखालच्या खाटांची संख्या मात्र तशीच राहिली. जणूं स्तुतीनें खाटा कमी होतात!

स्तुतीच्या पडद्यामागें काय चाललें होतें हें १८९० सालीं उघडकीस आलें. लंडनमधील इस्पितळांच्या चौकशीसाठीं उमरावसभेनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष लॉर्ड सँडहर्स्ट. हें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. हेच गृहस्थ पुढें प्लेगच्या काळांत मुंबईचे गव्हर्नर होते. या समितीपुढें लंडन हॉस्पिटलच्या माजी उमेदवार-परिचारिकांनीं साक्षी दिल्या. कामाचे तास असह्य, शिक्षण पुरें होण्यापूर्वीं जबाबदारीचें काम, अर्धवट शिकलेल्या मुलींस पैसे घेऊन खासगी घरीं पाठविणें, आणि तक्रार केली तर काढून टाकण्याचा अधिकार एकट्या मेट्रनच्या हातीं, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. मेट्रन इव्हा ल्यूकेस हिची बाजूहि ऐकण्यासारखी होती. वयाच्या २६ व्या वर्षीं तिनें हें प्रचंड इस्पितळ हातीं घेतलें, परिचारिकांचें शिक्षण सुधारलें, आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें तें पद सांभाळलें. ती दुष्ट नव्हती. ती कर्तबगार होती. आणि येथेंच मर्म आहे. प्रमुख कितीहि कर्तबगार असला तरी ज्या व्यवस्थेंत खालच्याचें दुःख वर जाण्यास एकच दार असतें, आणि त्या दाराशीं नोकरी देणारा व काढणारा उभा असतो, तेथें दुःख वर जात नाहीं. तें आंत मुरतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याच कारकीर्दींत पुण्यास प्लेग आला. सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्यानें पुण्याबाहेर रुग्णांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. असल्या आत्मार्पणापुढें मान लवावी, दुसरें कांहीं करूं नये. परंतु संकटकाळीं एका थोर स्त्रीनें स्वेच्छेनें केलेलें दान, आणि रोजच्या कामावर असलेल्या हजारों स्त्रियांकडून वसूल करावयाचा कर, यांत फरक आहे. हा फरक रमाबाई रानडे यांस कळला होता. १९०९ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यांत सेवासदन निघालें, आणि तेथील स्त्रिया ससून इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. परपुरुषाचें अंग पुसणें, रात्रीं घराबाहेर राहणें, जातीचा विटाळ, अशा शंभर आक्षेपांना तोंड देत या मुलींस काम करावयाचें होतें. त्यांना नुसता सेवेचा उपदेश करून सेवासदन थांबलें नाहीं. त्यांच्यासाठीं वसतिगृह चालविलें, म्हणजे दिवसाच्या अंतीं परत जाण्यास एक घर आणि गाऱ्हाणें सांगण्यास चार माणसें दिलीं. आधार म्हणतात तो हा.

मात्र एका संस्थेनें देश भरत नाहीं. नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, त्यांत हिंदुस्थानांत ४३,००० लोकांमागें एक परिचारिका असा हिशेब आहे. डॉक्टर मात्र ६,३०० लोकांमागें एक होता. म्हणजे एका परिचारिकेमागें सात डॉक्टर! हुकूम देणारे सात आणि ते अमलांत आणणारी एक, अशा घरांत त्या एकीचें काय होईल, हें सांगण्यास समितीची गरज नव्हती.

येथपर्यंतचा इतिहास दुखण्याचा झाला. निदान मागाहून आलें. १९६० सालीं इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनीं लंडनच्या एका मोठ्या इस्पितळाचें परीक्षण प्रसिद्ध केलें. तेथें शिकाऊ परिचारिकांपैकीं सुमारें एक तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात. बाईंस असें आढळलें कीं, मृत्यु आणि वेदना यांच्या सान्निध्यानें येणारी भीति टाळण्यासाठीं इस्पितळानें नकळत एक तटबंदी उभारली आहे. रुग्णाची सेवा कामांच्या यादींत तोडून टाकली आहे. रुग्णाचें नांव न घेतां खाटेचा आंकडा किंवा रोगाचें नांव घ्यावयाचें. मुलगी एका वॉर्डांत रुळली कीं तिला दुसरीकडे हलवावयाचें. आणि लहानसा निर्णयहि वरच्याकडे ढकलावयाचा. हेतु हा कीं, परिचारिकेचें मन गुंतूं नये. फळ मात्र उलट आलें. कारण रुग्ण बरा झाल्याचा आनंद हाच या कामाचा खरा मोबदला, आणि तटबंदीनें तोच हिरावून घेतला. भीति राहिली, आनंद गेला.

पुढें १९७४ सालीं न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं अशा शिणाला 'जळून जाणें' या अर्थाचें नांव दिलें, आणि १९८१ त ख्रिस्तिना मास्लाक व सुझन जॅक्सन या विदुषींनीं त्याचें माप तयार केलें. त्याचे तीन भाग : मनाचा शीण, रुग्णाविषयीं कोरडेपणा, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं ही भावना. २००१ सालीं युरोपांतील चार संशोधकांनीं याची उपपत्ति मांडली, ती घरखर्चाच्या वहीसारखी सोपी आहे. कामाच्या मागण्या ही खर्चाची बाजू. निर्णयाची मोकळीक, सहकाऱ्याची मदत, वरिष्ठाचा न्याय व शाबासकी ही जमेची बाजू. खर्च वाढत गेला म्हणजे मन शिणतें. जमा आटली म्हणजे कामावरचा जीव उडतो. २००२ सालीं लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ इस्पितळें तपासलीं. एका परिचारिकेमागें एक रुग्ण वाढला कीं तिच्या शिणण्याचा संभव शेंकडा २३ नें वाढतो, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूचा शेंकडा ७ नें, असें त्यांस दिसलें. म्हणजे शीण तिचा, पण त्याचा वांटेकरी खाटेवरचा रुग्णहि आहे.

कोणी म्हणेल, खाटांचा हिशेब सरकारचा व संचालकांचा; वॉर्डाच्या प्रमुखानें काय करावें? त्याचें उत्तर अमेरिकेंतीलच एका पाहणीनें दिलें आहे. १९८३ सालीं तेथील शुश्रूषा-परिषदेनें परिचारिका जेथें टिकून राहतात अशीं ४१ इस्पितळें निवडून त्यांचें रहस्य शोधलें. त्या इस्पितळांत मुख्य परिचारिका वॉर्डांत दिसत असे, कारभाऱ्यांच्या बैठकींत तिला आवाज होता, आणि खाटेजवळच्या परिचारिकेस आपल्या बुद्धीनें निर्णय घेण्याची मोकळीक होती. लिव्हरपुलांत जोन्सबाईस जें मिळालें नाहीं आणि लंडनच्या उमेदवारांनीं जें मागितलें, तेंच हें. चांगला प्रमुख ओझें नाहींसें करूं शकत नाहीं, पण तें कोणावर किती पडतें याची दखल घेऊं शकतो, तें वर जाऊन सांगूं शकतो, आणि निष्फळ कष्ट टाळूं शकतो.

२०२० हें नाइटिंगेलबाईंच्या जन्माचें द्विशताब्दीचें वर्ष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें परिचारिकांस वाहिलें होतें, आणि त्याच वर्षीं महामारी आली. लंडनमध्यें बाईंच्या नांवानें हजारों खाटांचें तात्पुरतें रुग्णालय अवघ्या कांहीं दिवसांत उभें राहिलें. परंतु खाटा दिवसांत तयार होतात, शिकलेल्या परिचारिकांस वर्षें लागतात, आणि त्या रुग्णालयांत शेवटीं थोडेच रुग्ण राहिले. आपल्याकडे २२ मार्चच्या संध्याकाळीं लोकांनीं गच्च्यांवर उभें राहून थाळ्या वाजविल्या. त्यांतील कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु घरीं सून सासूचें दुखणें काढते तेव्हां तिला नुसतें शाबास म्हणणारें माणूस आणि 'आज तूं नीज, रात्रीं मी जागतों' म्हणणारें माणूस, यांतला फरक प्रत्येक घराला ठाऊक आहे. परिचारिकेला आजवर पहिलें माणूस पुष्कळ भेटलें. दुसऱ्याची ती ॲग्नेस जोन्सच्या दिवसांपासून वाट पहात आहे.